चित्रात समुद्र कुठे आहे?



नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही. डोंगर आहेत, द्राक्षांचे मळे आहेत, धरणे आहेत. पावसाळा सरल्यावर गंगापूर धरणाच्या बांधावरून पाहिले तर पाणीही पुष्कळ दिसते. पण समुद्र नाही. आपली गोदामाई ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळते. असे का, हे भूगोलाचे गुरुजी जमिनीच्या उतारावरून समजावून देतील आणि ते बरोबरच आहे.

गंमत अशी, की समुद्र म्हटला की मराठी माणसाला ज्या कविता हटकून आठवतात, त्यांतल्या दोन या बिनसमुद्राच्या जिल्ह्याशी नाते असलेल्या माणसांनी लिहिल्या आहेत. भगूरला जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी १९०९ साली इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर समुद्राशी जो संवाद केला, तो तुम्हां सर्वांना पाठ आहे. दुसरी कविता कुसुमाग्रजांची, 'कोलंबसाचे गर्वगीत', १९४२ सालच्या 'विशाखा' संग्रहातली. शिक्षक मंडळींनी ती वर्गात कितीदा तरी म्हणून दाखवली असेल. या दोन्ही कवितांत समुद्राचे वर्णन करणे हा कवीचा मुख्य हेतू नाही. एकात घराची ओढ आहे, दुसऱ्यात न पाहिलेल्या किनाऱ्याची. समुद्र मध्ये आहे तो या ओढीला मावेल एवढी जागा हवी म्हणून.

मला आज तुमच्याशी बोलायचे आहे ते चित्राबद्दल. शब्दाने जे साधले, ते नुसत्या रंगाने साधेल काय? आणि तेही लाट न काढता, होडी न काढता, माड न काढता? अशी चित्रे आहेत. त्यांना अमूर्त चित्रे म्हणतात. ती पाहून पुष्कळ लोक हसतात, काही चिडतात, आणि काही शहाणे लोक काहीच कळले नसताना मान डोलावतात. या तिसऱ्या वर्गात तुम्ही जाऊ नये एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता रेडिओवरून चित्र कसे दाखवणार, असे तुम्ही म्हणाल. शंका रास्त आहे. पण ज्या चित्रात वस्तूच नाहीत त्याच्याबद्दल रेडिओवर बोलणे त्या मानाने सोपे. 'डाव्या बाजूला झोपडी, उजव्या बाजूला विहीर' अशी मोजदाद करत बसावी लागत नाही.

सुरुवात जरा लांबून करू. जर्मनीत कास्पार डेव्हिड फ्रीडरिख नावाचा एक चित्रकार होऊन गेला. १८१० साली बर्लिनमध्ये त्याचे एक चित्र लोकांसमोर आले. समुद्रकिनाऱ्यावर एक साधू उभा आहे, एवढेच चित्र. खाली वाळूची पट्टी, तिच्यावर काळसर पाण्याची अरुंद पट्टी, आणि उरलेले सगळे आकाश. सुमारे पावणेदोन मीटर रुंदीच्या त्या कापडावर साधू दिसतो चिमुकला, आणि तोही आपल्याकडे पाठ करून. त्या काळी समुद्राच्या चित्रात जहाजे असायचीच. शिडे, डोलकाठ्या, फेस, झेंडे यांवरच चित्रकाराचे कसब जोखले जाई. इथे जहाज नाही म्हणून लोक गोंधळले. पुढे शास्त्रज्ञांनी अवरक्त किरणांच्या साहाय्याने त्या रंगाच्या थरांखाली पाहिले, तेव्हा कळले की फ्रीडरिखने आधी जहाजे रेखाटली होती! मागाहून त्याने ती रंगाखाली बुजवून टाकली.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जहाज असते तर आपण जहाजाकडे पाहिले असते. कोणत्या देशाचे, कुठे निघाले, वादळात सापडेल का, अशी एक कथा तयार झाली असती आणि पाहणारा तिच्यात रमला असता. जहाज गेले आणि उरला तो एकटा माणूस, त्याच्यापुढची अफाट पोकळी, आणि त्या पोकळीकडे पाहताना छातीत जे होते ते.

युरोपात या वृत्तीला रोमँटिक म्हणू लागले. हा शब्द आपल्याकडे सिनेमाने भलताच स्वस्त केला. नायक-नायिका, पाऊस, एक छत्री, झाले रोमँटिक! मूळचा अर्थ त्याहून मोठा आहे. जे हाताला लागत नाही त्याची ओढ, जे डोळ्यांत मावत नाही त्याच्यापुढे वाटणारी भीती आणि तरीही तिथून पाय न निघणे, हा तो भाव. तो माणसाबद्दल असू शकतो, देशाबद्दल असू शकतो, देवाबद्दलही असू शकतो. आपल्याला तो परका नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आठवा. तिथे भक्त विरहिणी होतो आणि विठ्ठल दूर गेलेला सखा होतो. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी पौष वारीला जाणाऱ्या माणसाला विरह म्हणजे काय ते जर्मनीतून शिकावे लागत नाही. शब्द तेवढा तिकडचा.

इंग्लंडात याच सुमारास टर्नर नावाचा चित्रकार होता. त्याने १८४२ साली हिमवादळात सापडलेल्या आगबोटीचे चित्र मांडले. आगबोट त्यात आहे खरी, पण ती शोधावी लागते. धूर, बर्फ, पाणी, उजेड सगळे एकमेकांत घुसळून निघाले आहे. साबणाचा फेस आणि चुन्याची निवळी, अशी टीकाकारांनी त्याची टवाळी केली. आज ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

फ्रीडरिखने जहाज काढून टाकले, टर्नरने ते विरघळवून टाकले. आता कोणी किनाराही काढून टाकला, तो साधूही काढून टाकला, आणि आकाश व पाणी यांच्यामधली रेघही पुसत आणली, तर? यासाठी आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबईपर्यंत गेले तरी पुरे.

वासुदेव संतू गायतोंडे हे त्या चित्रकाराचे नाव. घराणे गोव्याचे, जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४ चा. वाढले गिरगावच्या चाळीत. १९४८ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. आरंभी त्यांची चित्रे माणसांची, पक्ष्यांची, ठसठशीत रेषेची असत. पन्नासच्या दशकात ती बदलत गेली. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या पाउल क्ले या चित्रकाराची चित्रे त्यांनी बारकाईने अभ्यासली होती. हळूहळू माणूस गेला, पक्षी गेला, रेषाही विरळ झाली. साठच्या दशकाच्या आरंभी त्यांच्या कापडावर नुसता रंग, उजेड आणि अंतर एवढेच राहिले. स्वतः त्यांना 'अमूर्त' हा शब्दसुद्धा पसंत नव्हता. आपले चित्र वस्तुनिरपेक्ष आहे, असे ते म्हणत. म्हणजे वस्तूकडून निघून पुढे गेलेले नव्हे, तर वस्तूशी देणेघेणेच नसलेले.

त्या वर्षांत ते काम करीत ते मुंबईच्या वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत. त्या रस्त्याला आज भुलाभाई देसाई मार्ग म्हणतात. संस्था मात्र राहिली नाही. ती जागा अगदी समुद्राला लागून. एका खोलीत हुसेन, दुसरीकडे इब्राहिम अल्काझींच्या नाटकाच्या तालमी, कुठे रविशंकरांची सतार. अशा गजबजाटात गायतोंडे तासन् तास समुद्राकडे पाहत बसत, अशी त्यांच्या बरोबरच्या लोकांनी आठवण सांगितलेली आहे. पाहत बसत, समुद्राचे रेखाटन करत बसत नव्हते. हा फरक ध्यानात ठेवा.

त्या सुमाराच्या त्यांच्या एखाद्या चित्रासमोर उभे राहिलो म्हणजे साधारण काय दिसते, ते सांगतो. सगळ्या कापडभर एक करडा, धुरकट उजेड पसरलेला असतो. तो एका रंगाचा नसतो. करड्याखाली निळा असतो, निळ्याखाली कुठे तांबूस झाक असते. मधल्या भागात रंगाचे काही जाड तुकडे आडवे लागलेले असतात, जणू पाण्यावर काही तरंगते आहे, किंवा दूर उजेड चमकून गेला आहे. त्या तुकड्यांच्या खाली त्यांच्याच अस्पष्ट सावल्या. वर काय आणि खाली काय, पाणी कुठे संपले, हवा कुठे सुरू झाली, ते सांगता येत नाही. पहिल्या मिनिटात वाटते, इथे काही नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला डोळा आत उतरू लागतो. पहाटे धुके पडल्यावर नदीकाठी उभे राहिले की आधी काही दिसत नाही, मग पलीकडचा काठ असल्याचा भास होतो, मग तो काठ आहे की ढग, याची शंका येते. तसेच काहीसे. आणि मग एक हुरहूर लागते. कशाबद्दलची, ते चित्र सांगत नाही.

हा समुद्रच कशावरून? याचे प्रामाणिक उत्तर असे, की गायतोंड्यांनी तसे लिहून ठेवलेले नाही. बहुतेक चित्रांना त्यांनी नावच दिले नाही. मला त्यांत समुद्र दिसतो. तुमच्यापैकी कोणाला उन्हाळ्यात तापलेल्या माळावरची हवा दिसेल, तर कोणाला काहीच न दिसता नुसती संध्याकाळ जाणवेल. तुम्ही चुकला असे कोणी म्हणू शकणार नाही. फ्रीडरिखच्या चित्रात किनाऱ्यावर साधू उभा होता. इथे तो नाही, म्हणून त्याची जागा रिकामी आहे, आणि त्या जागेवर जाऊन तुम्हांला उभे राहावे लागते. एवढे काढून टाकण्याचे कारण हेच असावे.

आता तो नेहमीचा आक्षेप. "अहो, हे तर आमचं शेंबडं पोरगंसुद्धा करील!"

करील का ते पाहू. गायतोंडे रंग लावायला ब्रशपेक्षा रूळ आणि रंगाची पाती वापरीत. एक थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, त्यावर दुसरा पातळ थर द्यायचा, मग कुठे कुठे तो खरवडून खालचा उजेड मोकळा करायचा. कधी कागदाचे फाटके तुकडे वापरून त्यांच्यामार्फत रंग कापडावर उतरवायचा. असे करत एकेका चित्राला महिने लागत. वर्षाकाठी हातून चित्रे उतरत ती पाच-सहा. कापडासमोर बसून विचार करण्यातच वेळ जास्त जाई. शेंबड्या पोराजवळ उत्साह पुष्कळ असतो, पण इतका धीर नसतो. आणि धीर आहे असे पोर तुम्हांला भेटलेच, तर त्याला हसू नका. त्याच्याबद्दल मला पुढे बोलायचेच आहे.

थरांचे हे काम आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना सहज कळेल असे आहे. येवल्याची पैठणी तुम्ही पाहिली आहे. तिच्यात धूपछांव नावाचा प्रकार असतो. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. पदर जरा हलला की हिरव्यातून जांभळा डोकावतो, पुन्हा लपतो. तिथे कोणता रंग खरा? दोन्ही. येवल्याच्या विणकराने मागावर जे दोन धाग्यांनी केले, तेच गायतोंड्यांनी एकावर एक थर देऊन केले. फरक इतकाच, की पैठणी हलते आणि चित्र स्थिर असते. हलावे लागते ते आपल्या डोळ्याला.

आणि बायकांना विचारा, रंगाला भाव असतो की नाही ते. संक्रांतीची काळी चंद्रकळा घ्या. तिच्यावर कोणी प्रेमकथा चितारलेली नसते. तरी ती नेसलेल्या नव्या नवरीला आणि तिच्याकडे पाहणाऱ्यांना त्या काळ्यातून काय काय कळते! कोणी असे म्हणत नाही की या लुगड्यावर चंद्र काढलेला नाही, म्हणून याला चंद्रकळा म्हणू नका.

शास्त्राचा आधार हवा असेल तर तोही आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांना रंग दिलेले आहेत. हास्याचा पांढरा, रौद्राचा तांबडा, करुणाचा पारव्यासारखा करडा, अद्भुताचा पिवळा. आणि शृंगाराचा? आपल्याला वाटेल गुलाबी किंवा लाल. भरतमुनी म्हणतात श्याम. मेघाचा, खोल पाण्याचा रंग. शृंगाराचे दोन भाग त्यांनी केले, संभोग आणि विप्रलंभ, म्हणजे मीलनाचा आणि विरहाचा. रंग मात्र दोहोंना मिळून एकच, श्याम. (निळा मात्र त्यांनी बीभत्साला दिला आहे! तेव्हा निळा दिसला की समुद्र आणि प्रेम, असा सोपा हिशेब कोणी मांडू नये.)

रेडिओ ऐकणाऱ्यांना मी आणखी एक सांगेन. सकाळी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम लागतो. गवई आलाप घेतो. बंदिशीचे बोल अजून आलेले नसतात. नुसते आ-कार. त्यात 'प्रिया', 'सजण', 'रैना' काहीसुद्धा नाही. तरी बांधावर बसून ऐकणाऱ्या माणसाच्या गळ्याशी काहीतरी दाटून येते. त्या वेळी आपण विचारतो का, की बुवा, या आलापाचा अर्थ काय? कानाला आपण ही मोकळीक शेकडो वर्षे दिली, डोळ्याला मात्र दिली नाही. चित्र म्हटले की 'हे कशाचे?' हा प्रश्न आधी येतो.

गायतोंड्यांची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तिथल्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे १९६२ सालचे एक चित्र त्याआधीच आपल्या संग्रहात घेतले होते. १९७१ साली पद्मश्री मिळाली. १९७२ च्या सुमारास मुंबई सोडून ते दिल्लीला राहायला गेले आणि समुद्र कायमचा मागे पडला. झेन विचार, रमण महर्षी, मुंबईच्या खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होता. लग्न केले नाही. दिल्लीत निजामुद्दीन भागात गच्चीवरच्या लहानशा जागेत बरीच वर्षे काढली. अपघातानंतर काही वर्षे मोठे कापड रंगवणे बंद होते. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरले. २०२१ साली त्यांचे १९६१ चे एक चित्र लिलावात ३९ कोटी ९८ लाख रुपयांना गेले. हा आकडा सांगितल्यावाचून आजकाल कोणी चित्रकाराला मानत नाही, म्हणून सांगितला. त्याचा चित्र कळण्याशी काही संबंध नाही.

माझे लक्ष वेधून घेते ते दिल्लीला गेल्यानंतरचे काम. समुद्र समोर नाही, तरी चित्रातली ती खोली जात नाही. उलट कापड उभे झाले, रंग कधी नारिंगी, कधी गडद हिरवा, कधी राखाडी झाला, आणि अंतर वाढले. ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांपुढे समुद्र होता पण देश नव्हता. दिल्लीच्या गच्चीवर गायतोंड्यांपुढे समुद्रही नव्हता. जवळ नसलेल्या गोष्टीचा उजेड तेवढा शिल्लक होता. अर्थात हे माझे वाचन झाले. त्यांना विचारले असते तर ते बहुधा गप्प बसले असते.

एक इशाराही द्यायला हवा. बिनवस्तूची सगळीच चित्रे चांगली असतात असे मुळीच नाही. नाशकातल्या नव्या हॉटेलांत आणि बँकांत भिंतीवर निळ्या-सोनेरी फराट्यांची चित्रे टांगलेली तुम्ही पाहिली असतील. पुष्कळदा ती सोफ्याच्या रंगाला जुळावी म्हणून घेतलेली असतात. मग खरे कसे ओळखावे? माझी एक साधी कसोटी आहे. मनातल्या मनात त्यातला एक रंग बदलून पहा. निळ्याच्या जागी तांबडा घाला. काहीच बिघडले नाही असे वाटले, तर ते चित्र म्हणजे पडदा आहे, चित्र नव्हे. आणि बदलताना मन 'नको' म्हणाले, तर तिथे काहीतरी आहे. मग कळो वा न कळो, थोडा वेळ थांबा.

उलट बाजूचेही सांगितले पाहिजे. वस्तू असलेले चित्र कमी दर्जाचे, असे मला म्हणायचे नाही. आपल्या नाशिकला जलरंगातल्या निसर्गचित्रांची फार सुंदर परंपरा आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकाराने आपला सगळा परिसर जलरंगातून डोळ्यांसमोर उभा केला. गोदाघाटावर आजही मुले फळी मांडीवर घेऊन रामकुंडाकडे पाहत रंग कालवत बसतात. त्यांतही ओल्या दगडावरच्या उजेडाचा एखादा फराटा असा उमटतो, की घाट विसरायला होतो. पेठ-सुरगाण्याकडच्या घरांच्या भिंतींवर वारली चित्रांतला माणूस दोन त्रिकोणांचा असतो. नाक नाही, डोळे नाहीत. त्याने तरी काय केले? जे नको ते काढून टाकले.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. खरे तर एवढ्यासाठीच हा विषय मी घेतला.

मुलांना 'समुद्रकिनारा' हा विषय द्या. ज्या मुलाने समुद्र कधी पाहिला नाही तेसुद्धा कागदावर दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, एक माड, एक शिडाची होडी आणि बरोबरच्या खुणांसारखे चार पक्षी काढते. चाळीस मुले, चाळीस सारखे समुद्र. हे त्यांना कोणी शिकवले? आपण. परीक्षेच्या स्मरणचित्रात आकार लागतो, रचना लागते, ते मला मान्य आहे. ती शिस्त वाईट नाही. पण वर्गात एखादी मुलगी अशी असते, जी सगळा कागद गडद रंगाने भरून टाकते आणि कडेला बोटभर पांढरी जागा सोडते. आपण म्हणतो, "हे काय, रंग वाया घालवलास. होडी कुठंय?" तिने कदाचित होडी काढून टाकलेली असेल. फ्रीडरिखने टाकली तशी. त्या दिवसानंतर ती मुकाट्याने माड आणि होडी काढू लागते, गुणही चांगले मिळवते. तिला स्वतःला जे दिसले होते ते मात्र पुन्हा कोणाला दाखवत नाही. हे नुकसान कुठल्याच प्रगतिपुस्तकात दिसत नाही.

तेव्हा वर्षातून एखाद्या शनिवारी असे करून पहा. समुद्राचा विषय नकोच. सांगा, संध्याकाळ झाली आहे, घरातले कोणी मुक्कामाच्या गाडीने यायचे आहे, आणि गाडी अजून आलेली नाही. एवढे वाटणे कागदावर आणा. अट एकच, माणूस, गाडी, रस्ता आणि घड्याळ काढायचे नाही. रंग विकत आणायची गरज नाही. गेरू, चुना, कपड्यांची नीळ, काजळी, हळद, विटकरीची पूड, आणि चिकटायला थोडा डिंक. ब्रश नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पातीसारखा चालतो. एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हे मात्र बजावून सांगा. वाट पाहणे त्यातच शिकून होते.

काही मुले हसतील, काही नुसता चिखल करतील. करू द्या. चित्रे वाळली की 'हे काय आहे?' असे विचारू नका. विचारा, "तुझा डोळा आधी कुठे जातो? मग कुठे?" आणि मघाची कसोटी लावून पहा. "हा काळा पुसून इथं पिवळा लावू का रे?" एखादे मूल म्हणेल, लावा की गुरुजी. पण एखादे कागद छातीशी धरील. त्या कागदाला गुण देऊ नका, कमीही नाहीत आणि जास्तही नाहीत. मागे तारीख घाला आणि जपून ठेवा.

वरच्या वर्गांची सहल मुंबईला नेत असाल, तर राणीच्या बागेबरोबर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही घ्या. तिथे जहांगीर निकल्सन यांच्या आधुनिक चित्रांचा संग्रह आहे, आणि त्या संग्रहात गायतोंड्यांची चित्रे आहेत. भिंतीवर त्या वेळी काय लावलेले आहे ते मात्र आधी विचारून घ्या, कारण चित्रे बदलत असतात. मोबाइलवर पाहून भागेल, असे मुले म्हणतील. मोबाइलवर धूपछांव दिसत नाही. थर सगळे एकच होऊन जातात. एका चित्रासमोर निदान पाच मिनिटे उभे राहायचे, कोणी बोलायचे नाही, असे ठरवून आत न्या. तिथून चालत मरीन ड्राइव्हवर या आणि मुलांना कठड्यावर पाण्याकडे तोंड करून बसवा. क्रम चुकवू नका. आधी चित्र, मग समुद्र.

पंचवटी एक्स्प्रेस सकाळी नेते आणि संध्याकाळी सहानंतर परत निघते, म्हणजे गाडी गाठायची तर पाचच्या सुमारास उठावे लागेल. सूर्यास्ताचा मोह सोडावा लागतो. त्याला हरकत नाही. सूर्यास्त मुले घरी येऊन पाठ म्हटल्यासारखा काढतात.